बत्तिसावी नोंद

सोमवार, ८ सप्टेंबर २००३

शिसारी आली आज. आणि तीही स्वतःच्याच टेबलाची!

चतुर्थीच्या रजेनंतर आमचं संदर्भ केंद्र आज उघडलं. अकराच्या सुमारास एक मुलगी आली. कोमल नाव. वय चोवीस-पंचवीस. मूळची दोडामार्गाच्या पलीकडची, सध्या आमच्या पेडण्यातच काजूच्या कारखान्यात कामाला. तिचे वडील विठ्ठल सोळा वर्षं डिचोलीच्या एका खाणीवर होते — खनिज चाळायचं काम, कंत्राटी. आता चार पावलं टाकली की दम लागतो. तीनदा टीबीच्या गोळ्यांचा कोर्स झाला, गुण शून्य. हा धुळीचा आजार आहे असं गावचा डॉक्टर म्हणतो. पण कंपनीच्या इस्पितळात कायमचे उपचार आणि घरी प्राणवायू मिळायचा तर वैद्यकीय समितीने तसं म्हणायला हवं. समिती म्हणते, या पट्ट्यातल्या कंत्राटी कामगारांना असा आजार होतो याला आधी शास्त्रीय आधार आणा.

शास्त्रीय आधार म्हणजे आम्ही! गोव्यावर जे जे संशोधन झालं त्याची नोंद आमच्या संगणकात आहे असं आमच्या माहितीपत्रकावर छापलंय. तर मी शब्द घातले — खाण, धूळ, फुप्फुस, कामगार. अर्ध्या मिनिटात एकतीस नोंदी. एकतीसच्या एकतीस म्हणतात, या पट्ट्यात धुळीचा आजार जवळजवळ नाहीच. छापून काढली यादी, शिक्का मारला, तिच्या हातात दिली.

बारावी शिकलेली पोर. इंग्रजी अक्षरं बोटाने लावत लावत तिने पहिली चार नावं वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे बाबांका कायच झाला नाय?"

मी म्हटलं, संगणकात जे आहे ते हे आहे. असं म्हटलं मी! अठ्ठावीस वर्षं नोकरी करून हे एवढंच वाक्य माझ्याजवळ निघालं. ती यादीची घडी घालून पिशवीत ठेवून निघून गेली. तिची आजची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली असणार.

मंगळवार, ९ सप्टेंबर

रात्रभर तेच वाक्य. सकाळी पोदेर पाव देऊन गेला तो तसाच मेजावर राहिला. ह्यांनी विचारलं, कुणावर रागावलीस? म्हटलं, यंत्रावर. म्हणाले, यंत्रावर कोण रागावतं!

शुक्रवार, १२ सप्टेंबर

एकतीसच्या एकतीस लेख कपाटातून काढले आणि वाचायला बसले. अठ्ठावीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं, हेही इथे लिहून ठेवते. आमचं काम नोंदी करायचं. लेखक, वर्ष, विषय, पानं. पोटात काय आहे ते कोण बघतो!

तर पोटात हे आहे. एकतीसपैकी सत्तावीस लेख एकाच इस्पितळाने काढलेल्या छातीच्या फोटोंवर, म्हणजे एक्स-रेंवर, बेतलेले. कंपनीचंच इस्पितळ. एक फणस फोडायचा आणि त्याचे गरे सत्तावीस ताटांत वाढायचे, त्यातला प्रकार. एकदा वयाप्रमाणे, एकदा विडी ओढणारे न ओढणारे, एकदा पाच वर्षांची तुलना. माणसं तीच. उरलेल्या चार लेखांच्या लेखकांनी स्वतः कुणाला तपासलेलंच नाही, या सत्तावीसांचा हवाला देऊन मोकळे. आणि हवाला तरी किती! हा त्याला थोर म्हणतो, तो ह्याला. अहो रूपं अहो ध्वनी!

आणि आमचं यंत्र काय करतं? ज्याचा हवाला जास्त त्याला वर चढवतं. म्हणजे जे एकमेकांची पाठ थोपटतात ते पहिल्या पानावर. बघणाऱ्याला वाटणार एकतीस जणांनी एकतीस ठिकाणी शोधलं आणि कुणालाच आजार सापडला नाही.

गौरेशला दाखवलं. आमचं संगणकाचं सगळं तोच बघतो, दहा वर्षं झाली. त्याने चष्मा वर केला, वाचलं, आणि म्हणाला, "ताई, कॉम्प्युटराक आमी जें दिलां तेंच तो सांगता." बरोबरच आहे. पण हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कोण सांगतो? पेडण्यात आम्ही देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल मागतो, तेव्हासुद्धा एकदा पाकळी पडली म्हणून कुणी उठून जात नाही. पुन्हा विचारतात. पाकळी ओली लावली होती का, हे बघणारा एखादा म्हातारा असतोच. आणि या यंत्रापुढे शिकलेली माणसं एका फटक्यात मान डोलावतात!

बुधवार, १७ सप्टेंबर

सापडलं. आणि सापडल्यावर जास्तच किळस आली.

सत्तावीसही लेखांत 'पद्धत' म्हणून एक परिच्छेद असतो. बारीक टाइपात, कुणी वाचत नाही. त्यात दरवर्षी तपासणी कधी झाली ते दिलंय. ऑक्टोबर. सगळी वर्षं ऑक्टोबर. हजेरीपटावर त्या महिन्यात ज्यांची नावं, त्यांचे फोटो.

आता हे दिल्लीच्या माणसाला कळणार नाही, पण डिचोलीतल्या शेंबड्या पोरालाही कळेल. खाणीवरचे कंत्राटी लोक बहुतेक मालवणकडचे, सावंतवाडी-दोडामार्गाकडचे. चतुर्थीला सगळे घरी जातात. मरणपंथाला लागलेला असला तरी जातो. आणि ज्याला दम लागतो, जो रक्त थुंकतो, तो चतुर्थीनंतर परत येत नाही. घरचे म्हणतात, आता पुरे, राहा इथेच. येतो तो धडधाकट. म्हणजे ऑक्टोबरात इस्पितळाची फोटोची गाडी खाणीवर चढते तेव्हा आजारी माणसं डोंगरापलीकडे आपापल्या ओसरीवर खोकत बसलेली असतात. गाडी उरलेल्यांचे फोटो काढते. फुप्फुसं स्वच्छ! दरवर्षी स्वच्छ!

कोमलला कारखान्यात फोन केला. विचारलं, बाबांनी काम कधी सोडलं? म्हणाली, "सोडला असा नाय. गेल्या वर्साच्या चतुर्थीक घराक इले, ते परत गेलेच नाय."

वाटलं होतं कुणीतरी मुद्दाम केलं असेल. तेही नाही. एका लेखात कारण दिलंय. पावसात फोटोची गाडी खाणीच्या रस्त्याने वर चढत नाही, म्हणून पाऊस संपल्यावर. लबाडी असती तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ही सोय! आपल्याच गोव्यातले डॉक्टर, ज्यांच्या घरी मालवणचे गडी पिढ्यान्पिढ्या कामाला, त्यांना चतुर्थी ठाऊक नव्हती? होती. स्वतः रजा घेऊन मोदक खाऊन आले आणि मग मोजायला बसले.

सोमवार, २२ सप्टेंबर

संचालकांना भेटले. डॉ. केंकरे. भला माणूस म्हणून ख्याती. भला आहेच, कुणालाच कधी दुखवत नाही. म्हणून तर काही होत नाही.

मी म्हटलं, यंत्रातून जी यादी बाहेर जाते तिच्यासोबत एक सूचना जोडू. यादी पूर्ण नाही. वरची नावं म्हणजे खरी नावं असं नव्हे. एकाच जागची माहिती पुन्हा पुन्हा आलेली असू शकते. यादीत नाही म्हणजे जगात नाही असं समजू नका.

त्यांनी पेन खाली ठेवलं. आधी म्हणाले वाचक गोंधळेल. मग म्हणाले केंद्राची पत जाईल. मग अगदी मायेने — "सुमंगलाताई, आपण वाढपी. स्वयंपाक कुणी केला, कसा केला, हे आपण कशाला बोलायचं?"

बाहेर आल्यावर उत्तर सुचलं, नेहमीसारखं. वाढप्याला डाळीतले खडे दिसत असतील तर त्याने गप्प वाढावं?

गुरुवार, २ ऑक्टोबर

सुट्टी. ह्यांना सगळं सांगितलं. शाळामास्तर होते, निवृत्त झाले तरी दुसऱ्याचं ऐकताना हातात लाल पेन असल्यासारखं ऐकतात. म्हणाले, यंत्रात मराठी किती?



एकही नाही. मराठी नाही, कोंकणीही नाही. हे मला ठाऊक आहे, कारण तेव्हा मी तिथे होते. त्र्याण्णव साली संगणक आला तेव्हा नोंदी भरायची कामं सुरू झाली. इंग्रजी भरली, पोर्तुगीज भरली. मग बैठक. आधी कोंकणी की आधी मराठी? राज्य होऊन, भाषेचा कायदा होऊन सहा वर्षं झाली होती, पण कुणाची जखम भरली नव्हती. एकाने म्हटलं राजभाषा कोंकणी, तीच आधी. दुसऱ्याने म्हटलं कागद जास्त मराठीचे, मोजून बघा. मोजायला तयार कुणी नाही, कारण आकडा बाहेर आला की उद्या पेपरात. तेव्हाच्या संचालकांनी तोडगा काढला — सध्या दोन्ही बाजूला ठेवू. दोन लोखंडी कपाटं, एक डावीकडे एक उजवीकडे, दोन्ही तळमजल्यावर. तंटा मिटला! त्या वेळी मी सुटकेचा श्वास टाकला होता. पेडण्याची, म्हणजे मराठीवाली, म्हणून सगळे माझ्याकडेच संशयाने बघायचे. कपाटात कागद लावले ते मीच, माझ्या हाताने. किल्लीही माझ्याचकडे.

दहा वर्षं झाली. 'सध्या' अजून चालूच आहे.

ह्यांनी भाषणच सुरू केलं, मराठीवर झालेला अन्याय वगैरे. मी म्हटलं, कोंकणीचं कपाटही तसंच कुलपात आहे. तेव्हा जरा शांत झाले.

सोमवार, ६ ऑक्टोबर

तळमजला. मराठीचं कपाट. वाळवीने खालचा खण खाल्लाय. उंदरांच्या लेंड्या, जुनी सोवळ्यासारखी जपलेली पाकिटं. दिवसभर शिंका.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

मिळालं!! सेहेचाळीस पानं, टंकलिखित, मराठी. डिचोलीचे डॉ. दत्ताराम माणगावकर. एकोणीसशे एक्याण्णव, मे महिना. मे! स्वतः मोटारसायकलवरून दोडामार्गाकडच्या नऊ वाड्यांत फिरले. खाणीवरून परत आलेल्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन तपासलं. एकशे बारा माणसं. सगळ्यांना आपल्या दवाखान्यात आणून फोटो काढले. एकोणचाळीस जणांच्या फुप्फुसांत धूळ. एकशे बारांत एकोणचाळीस! प्रत्येकाचं नाव, काम, किती वर्षं, काम कधी सुटलं. 'काम कधी सुटलं' या रकान्यात खाली खाली तेच — चतुर्थी, चतुर्थी, चतुर्थी, शिमगा, चतुर्थी.

शेवटच्या पानावर लिहिलंय, की खाणीवर जाऊन तपासणी करणाऱ्यांना हे रुग्ण दिसणार नाहीत, कारण ते तिथे नसतात. बारा वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय! डॉक्टर वारले त्यालाही सात वर्षं झाली. आणि पहिल्या पानावर आमच्या केंद्राचा आवक शिक्का, खाली माझं अक्षर.

जेवले नाही. 

रविवार, १९ ऑक्टोबर

पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून दोडामार्ग. पुढे कोमल न्यायला आली होती, दीड मैल पायी. घर स्वच्छ सारवलेलं. विठ्ठल पायरीवर बसले होते. पन्नाशीच्या आतले असतील, दिसतात सत्तरीचे. मला बघून उठायला गेले आणि तेवढ्याने पाच मिनिटं बोलता येईना. कोमलची आई शेवंती आत चहा करत होती. ती बाहेर येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. दमाच्या माणसापुढे आपल्याला श्वास घेताना लाज वाटते. आज वाटली.

रात्री आडवं होता येत नाही. भिंतीला टेकून बसून झोपतात. प्राणवायू मिळाला तर निदान झोप मिळेल, शेवंती सांगत होती. बरं व्हायची आशा कुणालाच नाही, तेवढं शहाणपण त्या घरात आहे. हवी आहे ती झोप.

मी डॉ. माणगावकरांचं विचारलं तर विठ्ठलांनी मान हलवली. आठवतात. शेजारच्या वाडीत आले होते. हे तेव्हा खाणीवर होते, जवान होते. त्या यादीतले त्या वाडीतले किती उरले असं विचारलं. त्यांनी बोटं मोजली, थांबले, परत मोजली, आणि हात मांडीवर ठेवला.

निघताना म्हणाले, "फोटोची गाडी आमच्या हयसर कधी इली नाय." तक्रार म्हणून नाही. नुसतं सांगितलं.

परतीच्या बसमध्ये ठरवलं. नोंद यंत्रात घालणार. संचालकांना विचारून किंवा न विचारता.

सोमवार, ३ नोव्हेंबर

न विचारता. गौरेशने घातली. इंग्रजीतून शीर्षक, इंग्रजीतून सारांश, दोन्ही मी केले. तो म्हणाला, उद्या विचारलं तर? म्हटलं, माझं नाव सांग.

मग तेच शब्द घालून बघितले — खाण, धूळ, फुप्फुस, कामगार. बत्तीस! पण बत्तिसावी नोंद बत्तिसावीच. शेवटच्या पानावर, तळाला. कारण तिचा हवाला आजवर कुणी दिलेला नाही. कुलपातल्या कागदाचा हवाला कोण देणार? पंगतीत सगळ्यांत शेवटी बसवलं आणि तिथवर भात पोचेपर्यंत भांडं रिकामं.

म्हणून सूचना हवीच. सूचना नसेल तर समितीचे डॉक्टर पहिलं पान बघून उठतील.

बुधवार, १२ नोव्हेंबर

चमत्कार! केंकरेसाहेबांनी स्वतः बोलावून घेतलं. जानेवारीत अनुदान देणाऱ्यांची तपासणी आहे आणि त्यांच्या प्रश्नावलीत एक रकाना आहे — 'वापरणाऱ्यांना मर्यादांची कल्पना देता का?' साहेबांना रकाना भरायचाय. तर म्हणाले, तुमची ती सूचना, सुमंगलाताई, उत्तम कल्पना आहे. मी तेव्हाही म्हटलं होतं!

म्हटलं होतं! हसू आलं आणि ओकारीही. पण काम होतंय ना, मग गिळलं.

एक अट. एक डिसेंबरपासून जाईल त्या प्रत्येक यादीवर सूचना, अपवाद नाही. मी म्हटलं, बरोबरच आहे, भेदभाव कशाला! आणि सूचनेखाली संबंधित अधिकाऱ्याची सही हवी. म्हणजे माझी. मी तेही आनंदाने मान्य केलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव कशावर तरी छापलं जाणार होतं, खोटं कशाला बोलू.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सूचना कोणत्या भाषेत? यावर दोन तास बैठक. मी हे बनवून लिहीत नाहीये. कोंकणी वर असावी की मराठी? बाजूबाजूला ठेवावी तर डावीकडे कोण? शेवटी तेच — सध्या फक्त इंग्रजी. यंत्रात मराठी-कोंकणी नाही असा इशारा देणारा कागद, तोही मराठी-कोंकणीत नाही. या लोकांना पाण्यात बुडवलं तरी वर कोण आणि खाली कोण यावर आधी ठराव करतील.

ह्यांना सांगितलं तर तेही चिडले, पण मसुदा तपासून दिला. माझं इंग्रजी गुळमुळीत होतं. 'शक्यतो', 'कदाचित', असे शब्द फार. ह्यांनी सगळे छाटले. वाक्यं ताठ झाली. या नोंदींची निवड एकांगी असू शकते. केंद्र त्यांच्या अचूकतेची वा पूर्णतेची हमी देत नाही. केवळ या यादीच्या आधारे कोणताही निर्णय घेऊ नये. वाचून मलाच बरं वाटलं. असं कुणीतरी खडसावून सांगायलाच हवं होतं.

सोमवार, १ डिसेंबर

छापून आली. पिवळा कागद, म्हणजे नजरेतून सुटायला नको. हजार प्रती. पहिल्याच दिवशी सात याद्या गेल्या, सातांनाही टोचल्या. एका प्राध्यापकाने विचारलं, हे काय नवीन खूळ? म्हटलं, वाचा. त्याने वाचलं आणि यादी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला. तेवढ्यानेही दिवस सार्थकी लागला.

मंगळवार, ९ डिसेंबर

कोमल आली. समितीची तारीख सोळा जानेवारी. मी सगळं तयार ठेवलं होतं. बत्तीस नोंदींची नवी यादी. डॉ. माणगावकरांच्या सेहेचाळीस पानांची प्रत, त्यावर आमचा शिक्का. त्या सत्तावीस लेखांतल्या 'पद्धती'च्या परिच्छेदांवर पेन्सिलीने खुणा. ऑक्टोबरचं काय, चतुर्थीचं काय, तिला दोनदा समजावून सांगितलं. पोर हुशार. दुसऱ्या वेळी तिनेच मला सांगितलं.

मग तो पिवळा कागद सगळ्यांच्या वर लावला. तिने वाचला. हळूहळू, बोट ठेवून. म्हणाली, "ह्यो लावकच व्हयो काय, बाई?"

मी तिला शिकवलं! म्हटलं, अगं, हाच तर मुख्य कागद. समितीला कळायला हवं की वरची एकतीस नावं देववाणी नव्हे. हा नसेल तर ते पहिल्या पानावरच थांबतील. आणि नियम सगळ्यांना सारखा.

ती बरं म्हणाली. मी स्टेपलरने दोन ठिकाणी टोचला, निसटायला नको म्हणून. जाताना तिने पिशवीतून पाव किलो काजू काढून मेजावर ठेवले. घेतले नाहीत. मग रागावेल म्हणून घेतले.

शुक्रवार, १६ जानेवारी २००४

आज समिती. ऑफिसात लक्ष नाही. तपासणीवालेही नेमके आजच आले. साहेबांनी पिवळा कागद त्यांना दाखवला. कौतुक झालं. एक बाई म्हणाल्या, असं प्रामाणिक केंद्र फार थोडं बघायला मिळतं. साहेबांनी माझ्याकडे हात केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान लववली.

पाचला कोमलचा फोन. कागद घेतले. वडिलांना खुर्चीवर बसवून चार प्रश्न विचारले. निकाल पत्राने कळवणार.

शनिवार, २४ जानेवारी

पत्र नाही. घरात जनेलापाशी बसून अवघा दिवस रस्त्याकडे बघितला, जसं काही पोस्टमन माझ्याकडेच येणार होता.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

अर्ज फेटाळला. कोमलने पत्र फोनवर वाचून दाखवलं, इंग्रजी शब्द अडखळत. मी मागोमाग लिहून घेतलं. अर्जदाराने सादर केलेल्या माहितीची निवड एकांगी असू शकते व तिच्या आधारे निर्णय घेऊ नये असं खुद्द संदर्भ केंद्राने लेखी कळवलेलं आहे, सबब ती विचारात घेता येत नाही. कंपनीने सादर केलेली यादी त्याच केंद्राची, दिनांक एकवीस ऑगस्टची, एकतीस नोंदी. तिच्यावर अशी कोणतीही सूचना नाही, सबब ती ग्राह्य.

विठ्ठलांना पुन्हा टीबीच्या गोळ्या लिहून दिल्यात.

कोमल रडली नाही, ओरडली नाही. पत्र वाचून संपवलं. मग म्हणाली, "कागदाखालची सही तुमचीच मा, बाई?"

मी हो म्हटलं.